ऊन दाखवलेल्या तारा

मला खोली भाड्याने देण्याआधी त्यांनी माझी नखं बघितली.

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात मला नुकतीच नोकरी लागली होती आणि गोडादऱ्यात खोली शोधत मी त्यांच्या दारात उभा होतो. त्याआधीच्या घरमालकांनी पगार विचारला होता, जात आडून आडून विचारली होती, 'मित्र किती येतील' हे तर सगळ्यांनीच विचारलं होतं. यांनी काहीच विचारलं नाही. माझ्या पाठीवरच्या गिटारच्या पिशवीकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "हात पुढे कर." मला वाटलं भविष्य बघतात की काय. मी तळहात पुढे केले तर म्हणाले, "उलटे." मग चष्मा कपाळावर चढवून, भेंडी निवडावी तशी त्यांनी माझी बोटं एकेक करून पाहिली.

"डाव्या हाताची वाढलेली, उजव्या हाताची कुरतडलेली. सगळा उलटा कारभार," ते म्हणाले. "कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. कॉलेजात मित्रांचं बघून."

"दिसतंय."

मग पिशवीची चेन उघडून त्यांनी एका तारेला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "हाऊ लोखंड घरमा नको, भो!" मला पुढे कळलं की ते मनापासून वैतागले म्हणजे शाळेत कमावलेली त्यांची मराठी गळून पडते आणि शिरपूरकडची अहिराणी वर येते. खोली मिळाली, पण अटीवर. मित्र आले तर चालतील, मटण शिजलं तर चालेल, मोठ्याने टीव्ही लावला तरी चालेल. लोखंडी तारांची गिटार या घरात वाजणार नाही.

मी त्यांना काका म्हणू लागलो. बँकेतून निवृत्त झालेले, उंचीने बेताचे, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. त्यांच्या बायकोला मात्र मी काकू म्हणू शकलो नाही, कारण सगळा गोडादरा त्यांना 'बाई' म्हणायचा. त्या महापालिकेच्या मराठी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मागावर काम करणाऱ्या खानदेशी कुटुंबांतल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, त्यामुळे बाजारात त्या चालत असल्या की कोणी ना कोणी वाटेत वाकून नमस्कार करायचं आणि काका दोन पावलं मागे, हातात भाजीची पिशवी धरून उभे राहायचे. पिशवी डाव्या हातात. उजव्या हाताला ते ओझं लावत नसत.

काकांच्या घरी दोन गिटारी होत्या. एक क्लासिकल, गडद रंगाची, जड. तिला ते 'थोरली' म्हणत. दुसरी फ्लेमेंको, स्पेनमधल्या नाचगाण्याबरोबर वाजते ती, पिवळसर आणि हातात घेतली तर रिकामी पेटी वाटावी इतकी हलकी, ती 'धाकटी'. दोन्हींना नायलॉनच्या तारा. या गिटारीला प्लास्टिकची टिकली घेऊन खरवडत नाहीत, नखांनी आणि बोटांनी वाजवतात. थोरली त्यांना तरुणपणी परदेशी निघालेल्या एका कुटुंबाकडून मिळाली होती, सोबत एक पुस्तक. त्या पुस्तकावरून आणि मग कॅसेटी ऐकून ते आपले आपण शिकले. पण त्यांचा खरा जीव वाजवण्यात होता की वाजवण्याच्या तयारीत, हे मला पहिली काही वर्षं कळलंच नाही.

"वाजवणं काय, कोणीही वाजवतं," ते म्हणायचे. "सामान निवडायला अक्कल लागते."

आता पाय ठेवायच्या स्टुलाचंच घ्या. क्लासिकल वाजवताना डावा पाय थोडा उंच ठेवावा लागतो. बाजारात त्यासाठी घडीची स्टुलं मिळतात. काकांनी दोन मागवली. एक हलत होतं म्हणून नापास, दुसरं कुरकुरत होतं म्हणून नापास. मग वीट झाली, पाट झाला, सत्यनारायणाचा चौरंग झाला. शेवटी त्यांना कळलं की आपल्या पायाला पोळपाटाची उंची अगदी नेमकी बसते. त्या घरात मग काही दिवस पोळ्या बंद होऊन भाकऱ्या सुरू झाल्या.  एके दिवशी बाई शाळेतून येताना नवा पोळपाट घेऊन आल्या, तो स्वयंपाकघरात ठेवला आणि जुना त्यांच्या पायाशी सरकवला. म्हणाल्या, "याची उंची तुम्हाला सवयीची झालीय."

दमटपणाची गोष्ट तर सोसायटीत अजून सांगतात. त्या पुस्तकात लिहिलं होतं की कोरड्या हवेत लाकूड तडकतं, म्हणून पेटीत ओला स्पंज ठेवावा. काकांनी साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत ओला स्पंज घातला आणि डबी थोरलीच्या पेटीत ठेवून पेटी बंद केली. महिना श्रावण. सुरतेच्या श्रावणात मिठाला पाणी सुटतं, पापड हातात घेताच मान टाकतो, आणि हे पेटीत आणखी पाणी घालत होते. काही दिवसांनी पेटी उघडली तर आतल्या मखमलीवर पांढरी बुरशी. बाईंनी डोकावून पाहिलं. "एवढ्यात मटकीला मोड आले असते," त्या म्हणाल्या आणि शाळेत निघून गेल्या.

त्या दिवसापासून काकांनी पुस्तकावरचा विश्वास कमी केला आणि बुटांच्या खोक्यात निघतात त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्यांवर वाढवला. सोसायटीत कोणी नवे बूट घेतले की काका अभिनंदन करायला जात.

धाकटीचंही असंच. फ्लेमेंको वाजवताना मधूनमधून बोटांनी लाकडावर थाप मारतात, म्हणून तिच्या अंगावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. तो जुना होऊन उकलला तेव्हा काकांनी नवा मागवला नाही. रिंगरोडच्या मार्केटातून साड्यांची पारदर्शक झाकणाची खोकी आणली, एकेका झाकणावर टिचकी मारून कान लावला आणि एक पसंत केलं. पुढे धाकटीच्या अंगावर, नीट तिरपं बघितलं तर, 'फॅन्सी वर्क' अशी पुसट अक्षरं दिसायची.

आणि नखं! उजव्या हाताची नखं म्हणजे त्या घरातलं तान्हं मूल. ती किती वाढवायची, कोणत्या अंगाने उतरवायची, कानस काचेची की कागदाची, यावर काकांशी तासभर बोलता येई. न बोलता मात्र सुटका नसे. शेजारी एक हिरे घासणारे पटेल राहायचे. काकांना वाटलं, जगातला सर्वांत कठीण दगड जो गुळगुळीत करतो त्याला नखाचं काय कठीण. ते बोटं पुढे करून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

पटेल हसायला लागले. "काका, हीरो तूटे तो शेठ बोले. नख तूटे तो कोण बोले?"

"मीच बोलेन," काका गंभीरपणे म्हणाले.

पटेलांनी काही करायला नकार दिला, पण घासताना हात कसा स्थिर ठेवायचा ते दाखवलं. काका तसं करू लागले. माझीही नखं त्यांनीच वळणावर आणली. माझी लोखंडी गिटार तोवर मी एका मित्राला देऊन टाकली होती आणि काकांनी निवडलेली, म्हणजे दुकानदाराला पुरता रडकुंडीला आणून निवडलेली, नायलॉनची गिटार घेतली होती.

नखांपायी काका चमच्याने जेवत. नुसतं घरी नव्हे, लग्नातही. सदऱ्याच्या खिशात, लोक पेन ठेवतात तिथे, त्यांचा स्टीलचा चमचा असायचा. पंगतीत बसले की तो काढून पत्रावळीशेजारी ठेवायचे आणि आजूबाजूचे पाहुणे विचारायचे, तब्येत बरी नाही का. पण आमच्या खानदेशी जेवणात एक पदार्थ असा आहे की तिथे चमचा हरतो. वरण-बट्टी. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे उकडून, कापून, तळलेले. ते ताटात घेऊन पाची बोटांनी चांगले चुरायचे, वर तूप, वर वरण, सोबत वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी चुरायला नखं आड येतात आणि तुपा-वरणात भिजलेली नखं मऊ पडतात. म्हणून काकांची बट्टी बाई चुरायच्या. आपलं ताट बाजूला सारून आधी त्यांचं. बोलता बोलता, त्यांच्याकडे न बघता. एकदा एका लग्नात त्यांची नणंद म्हणालीही, "काय व बाई, तान्हं पोर शे का हाऊ?" बाई हसल्या आणि चुरत राहिल्या.

इतकं करून काका वाजवायचे कुठे? तर मागच्या खोलीत, दार लावून. कोणी आलं की थांबायचे. मला शिकवायचे, पण माझ्यासमोर दोन-चार ओळींपलीकडे वाजवायचे नाहीत. गणपतीत सोसायटीने विचारलं, बँकेच्या निवृत्तांच्या संमेलनात विचारलं. उत्तर ठरलेलं, "सामान पुरं झालं की वाजवतो." सामान कधी पुरं व्हायचं नाही. मागच्या खोलीची भिंत स्वयंपाकघराला लागून होती. त्यामुळे त्यांचं वाजवणं ऐकलेली बाई एकच, तीही कुकरच्या शिट्ट्यांमधून.

त्यांच्या सगळ्या सामानात वरचं स्थान तारांना. सहा तारांपैकी पातळ तीन नुसत्या नायलॉनच्या. जाड तीन मात्र वेगळ्या. एकदा काकांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि चौथी तार समोर धरली. "बघ. आत बारीक धाग्यांचा जुडगा. वरून काय गुंडाळलंय?"

"तार."

"तांब्याची तार, वर चांदीचं पाणी. धाग्यावर चांदीची तार गुंडाळतात त्याला सुरतेत काय म्हणतात?"

"जर," मी म्हणालो.

"जर! अख्खं शहर पिढ्यान् पिढ्या हेच करतंय, आणि मी तारा मागवतो सातासमुद्रापलीकडून." हे ते मला नेहमी सांगायचे आणि तरीही तारा तिकडूनच मागवायचे. चौथी तार ही जाड तिघींत सर्वांत बारीक, म्हणून सगळ्यांत आधी तीच जाते, हेही त्यांनीच शिकवलं.

त्यांच्या कपाटात, बाईंच्या पैठणीच्या वरच्या कप्प्यात, तारांची पाकिटं होती. त्यात एक खास. भाच्याने परदेशातून आणलेलं, सोनेरी अक्षरांचं. ते लावायचं नाही. "ही कार्यक्रमाची," काका म्हणायचे. कुठला कार्यक्रम, हे कोणी विचारलं नाही.

दर उन्हाळ्यात बाई गच्चीवर कुरडया घालायच्या, मिरच्या वाळवायच्या, गोधड्या आणि ठेवणीतल्या साड्यांना ऊन दाखवायच्या. त्याच वेळी काका तारांना ऊन दाखवायचे. कडक नव्हे, सकाळचं कोवळं. धोतराचं पांढरं फडकं पसरून त्यावर एकेका तारेचं वेटोळं मांडायचे आणि शेजारी वेताचा मोडा टाकून कावळे हाकत बसायचे. साड्यांजवळ बाई, तारांजवळ काका, मधे कुरडया. मी गच्चीवर गेलो की मला वाटायचं, या दोघांचं बरं चाललंय.

आणि मग ते वर्ष आलं ज्यात बाई निवृत्त होणार होत्या.

शाळेने निरोप समारंभ ठरवला. पालकांनी जेवणाचं अंगावर घेतलं. एका रविवारी मी खाली जेवायला असताना बाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "मला त्यांनी विचारलं, काय देऊ. मी म्हटलं, शाल नको, श्रीफळ नको. घरात कपाटभर शाली आहेत."

"मग?" काकांनी विचारलं.

"मी सांगितलंय, आमचे हे वाजवतील. एकच वाजवा. पण सगळ्यांसमोर वाजवा."

काकांचा चमचा हवेत थांबला. "अगं, सामान..."

"किती वर्षं भिंतीतून ऐकतेय मी. एकदा समोर बसून ऐकायचंय," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पण हा आवाज शाळेतला होता.

काका कामाला लागले. कधी नव्हे ते गाण्याची निवड पहिल्या दिवशीच झाली, एक संथ, शेवटी थोडा उसळणारा तुकडा, थोरलीवर. नव्या नायलॉनच्या तारा ताणून सुरात बसायला बरेच दिवस घेतात, म्हणून समारंभाच्या आठवडाभर आधी त्यांनी जुन्या तारा काढल्या आणि पकडीने तोडून टाकल्या. "जुनी तार ठेवली की मोह होतो," ते म्हणाले. मग हात धुऊन, पुसून, सोनेरी अक्षरांचं पाकीट उघडलं. मी समोर होतो. बाई दारात उभ्या होत्या.

पातळ तीन तारा चढल्या. सहावी चढली, पाचवी चढली, जरा काळवंडलेल्या होत्या एवढंच. चौथी खुंटीवर वळायला लागली आणि मधेच कोरड्या काडीसारखी तुटली. काकांनी दुसरं पाकीट उघडलं. त्यातलीही तुटली. तिसऱ्यातली चढली, पण आवाज असा की टेबलावर बोट मारावं. काकांनी भिंग काढलं. चांदी काळी पडली होती, आतले धागे ठिसूळ झाले होते. कंपनीने हवाबंद करून दिलेली पाकिटं दर उन्हाळ्यात फोडून, उघड्यावर मांडून, तापीकाठची खारी दमट हवा पाजून, त्यांनीच ती परत कपाटात ठेवली होती. जी वस्तू जपायची तिला ऊन दाखवायचं, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. गोधडीला ते मानवतं. तारांना मानवलं नव्हतं.

"आते काय करानं?" काका स्वतःशीच म्हणाले.

बाई आत आल्या, खाली पडलेले तुकडे त्यांनी वेचले. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "शाल घेते मी." आणि स्वयंपाकघरात गेल्या. 

काकांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "ओरडली असती तर बरं झालं असतं रे," ते म्हणाले.

मी म्हटलं ऑनलाइन मागवू. ते म्हणाले, तार येणार समारंभाच्या आदल्या दिवशी, बसणार कधी? मी त्यांना स्कूटरवर घालून दुकानांत फिरवलं. पहिल्या दुकानातला मुलगा 'नायलॉन' ऐकून म्हणाला, "काका, नायलोननी दोरी तो बंध छे," त्याला वाटलं आम्ही पतंगाचा मांजा मागतोय. दुसऱ्याकडे खरंच एक पाकीट होतं. काकांनी चौथी तार दोन बोटांत फिरवली, कानाशी धरून नखाने छेडली आणि परत केली. "सुतळी आहे."

"काका, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," मी वैतागून म्हणालो.

"एकच दिवस आहे म्हणूनच," ते म्हणाले. आणि मग स्कूटरवर बसता बसता, "जुन्या सुरतेत घे. जरीवाल्यांच्या गल्लीत."

त्या गल्लीत आता खरी जर करणारे फार उरलेले नाहीत. बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची चकाकी चालते. विचारत विचारत आम्ही एका अरुंद जिन्याने वर गेलो. तिथे एक म्हातारेबुवा फिरत्या रिळांच्या रांगेमागे बसले होते. केसाहून बारीक तार एकीकडून येत होती आणि दोऱ्याभोवती गुंडाळली जात होती. काकांनी खिशातून तुटलेली तार काढली आणि बँकेतल्या नोकरीत शिकलेल्या गुजरातीत सगळं सांगितलं. तार चपटी करायची नाही, गोलच ठेवायची; दोरा नायलॉनचा, पिळाचा; वेढे एकमेकांना चिकटून.

म्हातारेबुवांनी तार उजेडात धरली. "आनी बॉर्डर ना बने, काका."

"मारे बॉर्डर नथी जोईती. अवाज जोईए छे."

"कोना माटे?"

कोणासाठी हे सांगताना काका थोडे अडखळले. "घरवाळी माटे," ते म्हणाले.

म्हातारेबुवांनी एक रिकामं रीळ पुढे ओढलं. नायलॉनचा दोरा मी बमरोलीतल्या ओळखीच्या एका कारखान्यातून आणून दिला. पहिली तार सैल वळली गेली, दुसरीचे वेढे ताण देताच सरकले. तिसरी धरली. काकांनी घरी येऊन ती चढवली, हळूहळू ताणली आणि थोरलीच्या अंगाला कान लावून छेडली. आवाज किंचित घोगरा होता. त्यांनी पुन्हा छेडली. मग मान वर केली.

"सर्दी झालीय," ते म्हणाले, "पण माणूस आपल्यातला आहे."

पुढचे दिवस ते तार चढवत, उतरत्या सुराला वर आणत बसले. बाईंनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. भिंतीतून ऐकू येत होतंच.

समारंभ शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी सकाळी. मुलं जमिनीवर, मागे पालक, व्यासपीठावर बाई फुलं लावलेल्या खुर्चीत. भाषणं झाली. शाल झाली, श्रीफळ झालं, कारण असल्या वस्तू नको म्हटल्या तरी होतात. मग काकांचं नाव पुकारलं गेलं. ते थोरली घेऊन आले, शिक्षकांच्या खुर्चीत बसले, पिशवीतून जुना पोळपाट काढला आणि डाव्या पायाखाली ठेवला. पहिल्या रांगेतून "पोळपाट! पोळपाट!" अशी खुसखुस सुरू झाली. एका शिक्षिकेने डोळे वटारले तेव्हा ती थांबली.

माईक गिटारीजवळ आणला तर शिट्ट्या मारायला लागला. बंद केला. काकांनी वाजवायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की काहीच ऐकू येत नाहीये. नायलॉनच्या तारांचा आवाज मुळात घरगुती. वर पंखे फिरत होते, मुलं चुळबुळत होती आणि शाळेच्या भिंतीपलीकडच्या कारखान्यात माग चालू होते, खटाखट, खटाखट. मी तिसऱ्या रांगेच्या बाजूला उभा होतो. मला फक्त बोटं हलताना दिसत होती. इतक्या वर्षांची तयारी, ती तार, आणि हॉलमध्ये पोचत होते फक्त माग.  काकांनी एकदा वर बघितलं, त्यांनाही कळलं होतं, पण थांबले नाहीत.

तेवढ्यात बाई उठल्या. त्यांनी आपली फुलांची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि काकांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ आणून ठेवली. हॉलकडे पाठ करून तिच्यात बसल्या. काकांचे खांदे खाली आले. मग ते हॉलसाठी वाजवत नव्हते. तुकडा शेवटाकडे उसळला, त्यांचा अंगठा जरीच्या तारेवरून तीन-चारदा गेला, बाईंची मान हलली. तार टिकली.

टाळ्या दणदणीत पडल्या. माझ्या शेजारी उभ्या एका पालकाने दुसऱ्याला विचारलं, "काय वाजाडं रे काकासनी?" दुसरा म्हणाला, "काय माहीत. पन बोटे भारी चालनात."

काकांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. "कसं वाजलं?" त्यांनी बाईंना विचारलं. आता मी पुढे गेलो होतो म्हणून मला ऐकू आलं.

"भिंतीतून वाजतं तसंच," बाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. "पण कुकर नव्हता."

मग पंगत बसली. पालकांनी बेत केला होता वरण-बट्टीचाच. खानदेशी माणसांचा निरोप दुसऱ्या कशाने होणार. काका आणि बाई शेजारी बसले, मी समोर. काकांनी खिशातला चमचा काढून नेहमीसारखा बाजूला ठेवला. बट्ट्या वाढल्या गेल्या. बाईंचा हात सवयीने त्यांच्या पत्रावळीकडे गेला.

"राहू दे," काका म्हणाले.

त्यांनी उजवा हात बट्टीत घातला. पाची बोटं, सगळी नखं, ती काचेची कानस, पटेलांचा धडा, सगळ्यासकट. कडेच्या बोटाचं नख कट्कन मोडल्याचं मी पाहिलं.

"काका, नख!" मी ओरडलोच.

"वाढतं परत," ते म्हणाले. आपल्या पत्रावळीतली बट्टी त्यांनी चुरली, मग बाईंची पत्रावळ आपल्याकडे ओढली आणि तीही चुरायला लागले. बोटं तुपाने आणि हळदीने पिवळी झाली. आजूबाजूच्या पंगतीत सगळे बघत होते. बाईंच्या नणंदेने तर घास हातातच धरला होता. काकांनी वर वरण घातलं, तूप घातलं आणि पत्रावळ बाईंसमोर सरकवली.

आज मी बमरोलीत राहतो. काकांची नखं केव्हाच वाढली, आणि मागच्या खोलीचं दार आता उघडं असतं. पण काका म्हटलं की मला ती पंगतच आठवते. बाईंनी पहिला घास घेतला, शांतपणे चावला आणि त्यांच्याकडे वळल्या.

"गाठी राहिल्यात," त्या म्हणाल्या. "जरा बारीक चुरा."

आणि काका पुन्हा वाकून चुरायला लागले.